भीतीला आकडा विचारा

११ मार्च २०११, शुक्रवार. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ हादरला. भूकंपमापनावर या धक्क्याची नोंद ९ इतकी झाली. उपकरणांनी भूकंप नोंदवण्यास सुरुवात झाल्यापासून जपानमध्ये एवढा मोठा धक्का कधी नोंदला गेला नव्हता. पाठोपाठ आलेल्या त्सुनामी लाटांनी किनाऱ्यावरची गावेच्या गावे धुऊन नेली. सुमारे १८ हजार माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. त्याच लाटांनी फुकुशिमा दाइइची या अणुवीजकेंद्रालाही गाठले, आणि तोवर फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे नाव चार दिवसांत जगाच्या तोंडी झाले.

यानंतर आठवडाभरात चीनमधील कितीतरी शहरांत दुकानांतले मीठ संपले. मिठात आयोडीन असते आणि आयोडीन किरणोत्सर्गापासून वाचवते, असे कोणी तरी कोणाला तरी सांगितले, आणि लोकांनी पिशव्या भरभरून मीठ घरी नेले. पॅसिफिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेत, औषधांच्या दुकानांतून पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या नाहीशा झाल्या. फिलिपाइन्समध्ये एका नामांकित वृत्तसंस्थेच्या नावाने खोटा निरोप मोबाइलवर फिरला. पाऊस आला तर घराबाहेर पडू नका आणि गळ्याला आयोडीनचे औषध लावा, असे त्यात सांगितले होते. मनिलातील एका विद्यापीठाने त्या दिवशीचे वर्गच सोडून दिले.

अशा बातम्या वाचल्या की शिकलेली माणसे हसतात. 'लोक अडाणी असतात, उगाच घाबरतात,' असे म्हणून विषय संपवतात. मला मात्र वाटते की विषय तेथे संपत नाही, तेथे सुरू होतो. भूकंपानंतर जवळच्या अणुकेंद्राची काळजी वाटावी यात लाजण्यासारखे काहीच नाही. लाज वाटावी ती आकडा न विचारणाऱ्या भीतीची. आणि त्याहून अधिक, आकडा न देणाऱ्या दिलाशाची. हे मत मी का मांडतो, ते सविस्तर सांगतो.

मिठाचे गणित

प्रथम मिठाचीच गोष्ट घेऊ. ती साफ खोटी असती तर इतकी पसरली नसती. तिच्यात खऱ्याचा एक कण होता.

अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या पदार्थांत आयोडीन-१३१ हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. आपल्या गळ्यातील अवटु ग्रंथी म्हणजे थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. हे आयोडीन साधे की किरणोत्सर्गी, हे तिला कळत नाही. म्हणून धोका असेल त्या जागी, योग्य वेळी, साध्या आयोडीनची मोठी मात्रा दिली तर ग्रंथी आधीच भरून जाते आणि किरणोत्सर्गी आयोडीनला तिच्यात जागा उरत नाही. प्रौढ माणसासाठी ही मात्रा सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन इतकी असते.

आता वही-पेन्सिल घ्या. आयोडीनयुक्त मिठाच्या एका किलोत साधारण २० ते ३० मिलिग्रॅम आयोडीन असते असे धरा. १०० मिलिग्रॅमसाठी किती मीठ खावे लागेल? तीन ते पाच किलो, आणि तेही एका दमात! दिवसाला ५ ग्रॅमहून अधिक मीठ खाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तीन किलो हे ६०० दिवसांचे मीठ झाले. ते एका दिवसात पोटात घालणारा माणूस किरणोत्सर्गाची वाट पाहायला शिल्लक राहणार नाही.

दुसरे गणित काळाचे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस आहे. आठ दिवसांत ते निम्मे होते, सोळा दिवसांत पाव, आणि ८० दिवसांत हजाराव्या भागाहूनही कमी उरते. ऑगस्ट २०२३ मध्ये फुकुशिमा केंद्रात साठलेले, शुद्धीकरण केलेले पाणी समुद्रात सोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा चीनमध्ये मिठासाठी पुन्हा रांगा लागल्या. अपघाताला तोवर बारा वर्षे उलटून गेली होती. म्हणजे साडेपाचशेहून अधिक अर्धायुष्ये. त्या अपघातात निर्माण झालेल्या आयोडीन-१३१ चा एक अणूही तोवर शिल्लक असणे शक्य नव्हते. त्या पाण्यात वादाचा पदार्थ होता ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी भाऊ. आणि ट्रिटियमवर आयोडीनचा काडीचाही उपयोग नाही.

शाळेतील त्रैराशिक आणि निम्मे-निम्मे करण्याची रीत एवढ्या भांडवलावर ही दोन्ही गणिते सुटली. मग लाखो लोकांना ती का सुटली नाहीत? बुद्धी नव्हती म्हणून? मला तसे वाटत नाही. याचे उत्तर मिठाच्या दुकानात सापडणार नाही. त्यासाठी अणुकेंद्रात काय घडले ते पाहिले पाहिजे.

बंद केलेली भट्टी थंड का होत नाही?

भूकंपाचा धक्का जाणवताच फुकुशिमा दाइइचीच्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या. (केंद्रात एकूण सहा भट्ट्या, उरलेल्या तीन तपासणीसाठी आधीपासून बंद होत्या.) म्हणजे यंत्रणेने आपले पहिले काम चोख केले. मग अपघात कसा झाला?

चूल विझवली तरी निखारे तापलेले राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. अणुभट्टीचे निखारे मात्र वेगळ्या जातीचे असतात. विखंडनाची साखळी थांबली तरी तोवर तयार झालेले किरणोत्सर्गी पदार्थ विघटित होतच राहतात आणि उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्या क्षणी ही उष्णता मूळ उष्णतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. टक्केवारी लहान वाटते. पण पहिल्या क्रमांकाच्या भट्टीची उष्णतानिर्मिती १,३८० मेगावॉट होती. तिचे साडेसहा टक्के म्हणजे सुमारे ९० मेगावॉट. एक किलोवॉटच्या ९० हजार विजेच्या शेगड्या एकदम पेटवाव्यात, तेवढी ही उष्णता! ती झपाट्याने उतरते, तासाभरात पाव भागाच्या आसपास येते. पण पुढेही कितीतरी दिवस भट्टीला पाणी खेळवत ठेवावे लागते. पाणी खेळवायला पंप हवेत आणि पंपांना वीज हवी.

भूकंपाने बाहेरून येणारी वीज तोडली. लगेच डिझेलवर चालणारी जनित्रे सुरू झाली. येथवरही सारे ठीक चालले होते. सुमारे पन्नास मिनिटांनी त्सुनामी आली. केंद्राच्या रचनेत गृहीत धरलेली लाट ५.७ मीटर उंचीची होती. प्रत्यक्ष आलेली लाट १३ ते १५ मीटर. पहिल्या चार भट्ट्यांची जमीन समुद्रापासून १० मीटर उंचीवर होती आणि बहुतेक जनित्रे तळघरांत होती. ती बुडाली. पंप थांबले. तीन भट्ट्यांचे इंधन वितळले, हायड्रोजन वायू साचला आणि १२, १४ व १५ मार्चला इमारतींत स्फोट झाले. सहाव्या भट्टीचे एक जनित्र हवेने थंड होणारे आणि उंचावर बसवलेले होते. ते चालू राहिले, आणि त्या एकाच जनित्राच्या जोरावर पाचवी आणि सहावी भट्टी वाचली.

दोन केंद्रे, एकच समुद्र

या कहाणीला एक जोडकहाणी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. भूकंपाच्या केंद्राला सर्वांत जवळचे अणुवीजकेंद्र फुकुशिमा नव्हतेच. ते होते ओनागावा. तेथे आलेली लाटही सुमारे १३ मीटर उंच होती. एका इमारतीत आग लागली, एका भागात पाणी शिरले. पण तिन्ही भट्ट्या सुखरूप थंड झाल्या. एवढेच नव्हे, तर घरे वाहून गेलेले आसपासचे तीनशेहून अधिक गावकरी आसऱ्याला आले ते या अणुकेंद्राच्याच आवारात, आणि तेथे ते सुमारे तीन महिने राहिले.

फरक कशाने पडला? ओनागावाची जमीन समुद्रापासून १४.८ मीटर उंचीवर होती. ही उंची ठरवताना यानोसुके हिराई या अभियंत्याने आग्रह धरला होता. इ. स. ८६९ मध्ये या किनाऱ्यावर जोगान नावाने ओळखली जाणारी मोठी त्सुनामी येऊन गेल्याची नोंद जुन्या कागदपत्रांत होती, ती त्यांनी मनावर घेतली. अकराशे वर्षांपूर्वीची नोंद! एवढ्या उंचीला खर्च जास्त येईल असे म्हणणारे तेव्हाही होतेच. हिराई १९८६ मध्ये वारले. आपला आग्रह किती मोलाचा होता, हे पाहायला ते राहिले नाहीत.

फुकुशिमाची मूळ जागा समुद्रापासून सुमारे ३५ मीटर उंच कड्यावर होती. पक्का खडक लागावा आणि समुद्राचे पाणी वर चढवण्याचा खर्च वाचावा म्हणून तो कडा कापून जमीन १० मीटरवर आणली गेली. एकच भूकंप, एकच समुद्र, एकाच देशाचे अभियंते. निर्णय मात्र वेगळे, आणि परिणामही वेगळे.

म्हणून 'निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?' हे वाक्य मला पटत नाही. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी समितीने २०१२ च्या आपल्या अहवालात या अपघाताला मानवनिर्मित म्हटले. कंपनीच्याच अभ्यासात २००८ साली १५ मीटरहून उंच लाटेचा अंदाज निघाला होता, आणि तरीही भिंत उंच झाली नव्हती की जनित्रे वर चढवली गेली नव्हती. 'आमची केंद्रे सुरक्षित आहेत' असे लोकांना वर्षानुवर्षे सांगितले जात होते. ज्या सरकारी खात्यावर अणुवीज वाढवण्याची जबाबदारी होती, सुरक्षिततेची देखरेख करणारी संस्थाही त्याच खात्याखाली होती. विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर स्वतःच तपासावा तशातला हा प्रकार! २०१२ मध्ये जपानने ती व्यवस्था बदलून देखरेखीसाठी वेगळी संस्था उभारली.

अफवा कोठे उगवते?

आता मिठाच्या रांगेकडे पुन्हा वळू. १२ मार्चला दुपारी पहिल्या भट्टीच्या इमारतीत स्फोट झाला. जगाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला. त्याचा नेमका खुलासा सरकारने केला तो सुमारे पाच तासांनी. तीन भट्ट्यांचे इंधन वितळले हे कंपनीने जाहीर केले मे महिन्यात. 'इंधन वितळणे' हे शब्द वापरू नका, अशी सूचना तेव्हाच्या अध्यक्षांनी दिली होती, ही गोष्ट २०१६ साली उघड झाली आणि कंपनीने माफी मागितली. किरणोत्सर्गी पदार्थ वाऱ्याबरोबर कोठे जातील याचा अंदाज संगणकावर करण्याची यंत्रणा जपानजवळ होती. पण ते अंदाज लोकांपर्यंत वेळेवर पोचले नाहीत. परिणामी घरे सोडून निघालेले काही गावकरी वायव्येकडे गेले, आणि वाराही नेमका तिकडेच वाहिला.

अफवा ही रानगवतासारखी आहे. पेरलेल्या शेतात तिला जागा कमी मिळते, पडीक जमिनीवर ती माजते. खरी माहिती जेथे पेरलेली नसते तेथे लोक मिळेल ते खरे धरतात. 'घाबरू नका' हे शब्द म्हणजे माहिती नव्हे. डॉक्टरांनी ताप न मोजताच 'काही नाही, बरे वाटेल' असे म्हटले तर आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. तसेच लोक दुसऱ्या 'बातमी'कडे जातात.

याच्या उलट एक चांगले उदाहरण त्याच महिन्यातले आहे. २२ मार्च २०११ रोजी टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातील पाण्यात दर लिटरला २१० बेकेरेल आयोडीन-१३१ आढळले. (एका सेकंदात एका अणुकेंद्राचे विघटन म्हणजे एक बेकेरेल.) प्रौढांसाठी मर्यादा ३०० होती, तान्ह्या मुलांसाठी १००. नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी हे आकडे जसेच्या तसे जाहीर केले, तान्ह्या मुलांना नळाचे पाणी देऊ नका असे सांगितले आणि अशा घरांना बाटलीबंद पाणी वाटले. २४ तारखेला आकडा ७९ वर उतरला, तोही जाहीर केला आणि सूचना मागे घेतली. दुकानांत पाण्याच्या बाटल्यांवर गर्दी उडाली हे खरे. तरी पण कोणाला धोका, किती धोका, आणि तो केव्हा टळला, हे सर्वांना कळले. आकडा वाईट होता तेव्हा तो सांगितला गेला होता, म्हणूनच तो चांगला झाल्यावर त्यावर विश्वास ठेवता आला.

हा धडा सर्वत्र गिरवला गेला असे मात्र नाही. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. तेथील शिका अणुकेंद्र २०११ पासून बंदच होते आणि तेथून धोकादायक गळती झाली नाही. पण तेथील रोहित्रातून सुमारे ३,५०० लिटर तेल सांडल्याचे आधी सांगण्यात आले, आणि चार दिवसांनी तो आकडा १९,८०० लिटर झाला. समुद्राची पातळी फारशी बदलली नाही असे आधी सांगितले, आणि मग ती सुमारे तीन मीटर चढल्याचे सांगण्यात आले. तेल म्हणजे किरणोत्सर्ग नव्हे हे खरे. परंतु तेलाचा आकडा चुकला की लोक किरणोत्सर्गाच्या आकड्यावरही शंका घेतात. त्यांना दोष कसा द्यावा?

भीतीचेही बळी असतात

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे लोक घाबरले ते योग्यच झाले!' थांबा. दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे पाहिली पाहिजे.

किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने फुकुशिमाच्या पहिल्या दहा वर्षांचा आढावा घेतला. किरणोत्सर्गामुळेच झाले असे म्हणता येईल असे कोणतेही दुष्परिणाम तेथील रहिवाशांच्या आरोग्यावर आढळले नाहीत, असा तिचा निष्कर्ष आहे. केंद्रातील एका कामगाराचा कर्करोगाने झालेला मृत्यू जपान सरकारने २०१८ साली भरपाईसाठी किरणोत्सर्गाशी संबंधित मानला. याउलट, घरे सोडावी लागल्यामुळे, उपचार तुटल्यामुळे, थकव्याने आणि निराशेने फुकुशिमा प्रांतात २,३०० हून अधिक मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. प्रत्यक्ष भूकंपाने आणि त्सुनामीने त्या प्रांतात मेलेल्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे. केंद्राजवळच्या एका रुग्णालयातील वृद्ध रुग्णांना पुरेशा तयारीविना बसमधून तासन् तास फिरवले गेले. त्यांपैकी ४० हून अधिक दगावले.

याचा अर्थ कोणालाही हलवायला नको होते, असा नाही. पहिल्या दिवसांत पुढे काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. अर्थ एवढाच की हलवण्यालाही किंमत असते आणि ती आधी हिशेबात धरावी लागते. कोणाला ताबडतोब न्यायचे, कोणाला दारे-खिडक्या बंद करून घरातच ठेवायचे, अंथरुणाला खिळलेल्यांचे काय करायचे, हे संकटाच्या आधी ठरलेले आणि सरावाने अंगवळणी पडलेले असावे लागते.

भीतीचा आणखी एक बळी तुमच्या वयाचा आहे. फुकुशिमाहून दुसऱ्या शहरांत गेलेल्या काही मुलांना नव्या शाळेत सोबत्यांनी 'जंतू' म्हणून हिणवल्याच्या हकिकती २०१६ साली उघडकीस आल्या. किरणोत्सर्ग पडशासारखा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. कपड्यांवर धूळ असेल तर ती धुता येते. एवढी साधी गोष्ट कोणी त्या वर्गाला समजावून सांगितली असती, तर एखादे मूल शाळेच्या नावाने रडले नसते. विज्ञानाचे अज्ञान असे क्रूर होऊ शकते.

दोनशे सोळा जणांचा प्रयोग

त्याच फुकुशिमातील विद्यार्थ्यांनी या भीतीला कसे उत्तर दिले, ते प्रत्येक शाळेत सांगण्याजोगे आहे.

२०१४ साली जपानमधील बारा, फ्रान्समधील चार, पोलंडमधील आठ आणि बेलारूसमधील दोन माध्यमिक शाळांनी मिळून एक प्रयोग केला. जपानच्या बारा शाळांपैकी सहा फुकुशिमा प्रांतातल्या होत्या. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून २१६ जणांनी दोन आठवडे एक छोटे मापक यंत्र अंगावर बाळगले आणि आपण केव्हा कोठे होतो याची रोजनिशी ठेवली. शरीराला बाहेरून किती किरणोत्सर्ग मिळतो, हे यातून कळले. निष्कर्ष काय निघाला? वर्षाचा हिशेब केला तर फुकुशिमातील शाळांत तो सुमारे ०.६ ते १ मिलिसीव्हर्ट भरला, आणि युरोपातील शाळांत ०.५ ते १.१. म्हणजे लोकांना राहण्यास परवानगी असलेल्या फुकुशिमाच्या भागातील मुलांना जगातल्या इतर मुलांइतकाच किरणोत्सर्ग मिळत होता. याचे कारण खडक, माती आणि विटा यांतून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वत्र असतो आणि तो जागोजागी बदलतो. हा निबंध एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे बेकेरेल आणि सीव्हर्ट यांतील फरक लक्षात ठेवा. पाऊस किती पडतो आहे हे सांगणारा आकडा म्हणजे बेकेरेल समजा. आपण किती भिजलो आणि त्याने किती बाधलो हे सांगणारा आकडा म्हणजे सीव्हर्ट. मुसळधार पावसातही घरात बसलेला माणूस कोरडा राहतो. वर्तमानपत्रात 'लाखो बेकेरेल' असे वाचले की पहिला प्रश्न हाच विचारावा: ठीक आहे, पण माणूस भिजला किती?

या मुलांनी 'आम्हांला भीती वाटत नाही' असे म्हटले नाही. 'सरकार सांगते ते खरे' असेही म्हटले नाही. त्यांनी मोजले. स्वतःचे मोजले, दुसऱ्यांचे मोजले, दोन्ही शेजारी ठेवले. मला वाटते, विज्ञान शिकल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

आपल्या किनाऱ्यावर

हे सारे जपानपुरते आहे असे समजू नका. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूतील कल्पाक्कम अणुकेंद्राच्या समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपघरात पाणी शिरले. चालू असलेली भट्टी कर्मचाऱ्यांनी सुरक्षितपणे बंद केली. शेजारच्या वसाहतीत मात्र लाटेने माणसांचे बळी घेतले.

आपल्या महाराष्ट्राला तर जमिनीने दोनदा धडा दिला आहे. दख्खनचे पठार कातळाचे, ते हलणार नाही, असे पूर्वी मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे मेली. तेव्हाच्या नकाशात किल्लारीचा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात दाखवला होता. नकाशा खोटा नव्हता. तो तोवरच्या माहितीवर काढलेला होता. पण 'नोंद नाही' म्हणजे 'धोका नाही' असे होत नाही, हे त्या पहाटेने शिकवले.

म्हणूनच रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे ९,९०० मेगावॉटच्या अणुवीजप्रकल्पाचा बेत जाहीर झाल्यावर, आणि त्यातच फुकुशिमाचा अपघात घडल्यावर, माडबन परिसरातल्या लोकांनी प्रश्न विचारले, यात मला काही गैर दिसत नाही. दुर्दैवाने एप्रिल २०११ मध्ये आंदोलन चिघळले आणि पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. त्याच वर्षी रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूशास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्या भागातील भूकंपांच्या शक्यतेवर निबंध लिहिला. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याला त्याच नियतकालिकात उत्तर दिले. मतभेद असा असावा: आधार सांगून, नावानिशी, सर्वांना वाचता येईल असा. खंत एवढीच की हा वाद इंग्रजीत झाला, आणि ज्यांच्या दारात प्रकल्प येणार होता त्यांच्यापर्यंत त्यातली घोषणा पोचली, हिशेब पोचला नाही.

मग करावे काय?

काही जण म्हणतात, 'सामान्य लोकांना आकडे कळत नाहीत. दिले तर ते आणखी घाबरतील.' हा आक्षेप मला मान्य नाही. कोकणातील कोळ्याला भरती-ओहोटीचे गणित कोणी शिकवत नाही, आणि बाजारात भाजी घेणारी बाई ग्रॅमचा हिशेब चुकत नाही. रोज भेटणारा आकडा कळतो. फक्त संकटातच भेटणारा आकडा भिववतो. अणुकेंद्राच्या आसपासच्या प्रत्येक शाळेत आणि ग्रामपंचायतीत किरणोत्सर्गमापक असावा, त्याचा रोजचा आकडा फळ्यावर मराठीत लिहिला जावा, असे माझे सुचवणे आहे. पावसाळ्यात तो किंचित वर जातो, कातळावर मातीहून वेगळा येतो, हे गावाला वर्षभर पाहून माहीत झाले, तर भूकंपानंतरच्या सकाळी गाव अफवेकडे न पाहता फळ्याकडे पाहील. आणि आकडा खरोखरच चढला, तर 'काही नाही' असे सांगणाऱ्याला गाव थांबवील.

आकड्याबरोबर शब्दही पाळावा लागतो. फुकुशिमाच्या पाण्यातील ट्रिटियमची मर्यादा दर लिटरला १,५०० बेकेरेल ठेवली गेली. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला आकडा १०,००० आहे. आकडा तर सावध होता. पण 'तुम्हांला समजावून घेतल्याशिवाय पाणी सोडणार नाही' असे २०१५ साली तेथील कोळ्यांना लेखी कळवले होते, आणि कोळ्यांचा विरोध कायम असताना २०२३ साली ते सोडले गेले. विश्वास हा समीकरणातला स्थिरांक नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो.

तुम्ही विद्यार्थी आहात. प्रकल्प व्हावा की न व्हावा, हे तुम्हांला उद्या नागरिक म्हणून ठरवायचे आहे. ते मी येथे ठरवून देणार नाही. पण त्याआधी चार प्रश्न पाठ करा. काय मोजले? किती भरले, आणि कशाच्या तुलनेत? कोठे व केव्हा मोजले? कोणी मोजले, आणि दुसऱ्या कोणाला ते पुन्हा मोजून पाहता येईल का? हे प्रश्न मोबाइलवर आलेल्या निरोपाला विचारा. 'अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप होणार' असे सांगणाऱ्याला विचारा, कारण अशी वेळ सांगण्याची विद्या अजून कोणाजवळही नाही. आणि हेच प्रश्न, तितक्याच सभ्यपणे पण तितक्याच ठामपणे, 'सर्व काही सुरक्षित आहे' असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यालाही विचारा. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा. ओनागावाची जमीन १४.८ मीटरवर राहिली ती अशाच एका माणसाने आपला आग्रह सोडला नाही म्हणून.